जीन्स पाक हवीच, पण ती रोज धुवायला हवी का?

जीन्स जितकी कमी धुवाल तितकी चांगली, असा सल्ला आता सगळीकडून ऐकायला मिळतो. २०१४ साली लिव्हाइस कंपनीचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी एका जाहीर कार्यक्रमात आपल्या अंगातल्या जीन्सबद्दल सांगितलं, की ही साधारण वर्षाची झाली, पण हिने अजून वॉशिंग मशीन पाहिलेलं नाही. बातमी जगभर गेली. आपल्याकडे ती ऐकून कुणाही अम्मीचा पहिला सवाल असणार, मग या कपड्यात नमाज कशी होणार?

सवाल रास्त आहे. पण दुसऱ्या टोकाला आपल्याच घरांत काय चालतं तेही बघा. मुलगा कॉलेजला जातो, चार तास वर्गात बसतो, घरी येतो आणि जीन्स सरळ धुण्याच्या बादलीत. दुसऱ्या दिवशी दुसरी. आठवड्याच्या शेवटी पाच-सहा जीन्स, आणि त्या पिळायला बहुतेक घरांत एकटी अम्मी किंवा भाभी. जीन्स भिजली की तिचं वजन दुपटीच्या वर जातं. रोज ती उचलून, घासून, पिळून ज्यांचं मनगट आणि कंबर दुखते त्यांना विचारा. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या मोहल्ल्यात तर हा सवाल फक्त कपड्याचा उरत नाही.

आमचं म्हणणं दोन्ही टोकांच्या मधलं आहे. जीन्स पाक ठेवणं आणि जीन्स रोज पूर्ण धुणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक घरात सगळ्यांना समजला तर पाणी वाचतं, कपडा टिकतो, धुणाऱ्याचे हात वाचतात आणि नमाजेतही शंका राहत नाही.

एका जीन्सचं पाणी

लिव्हाइसने २०१५ साली आपल्या ५०१ या जीन्सचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. कापसाच्या बोंडापासून जीन्स टाकून देईपर्यंत किती पाणी लागतं, याचा तो हिशोब होता. उत्तर आलं ३,७८१ लिटर. त्यातलं ६८ टक्के पाणी कापूस पिकवण्यात गेलं आणि २३ टक्के घरी धुण्यात.

हा आकडा किती मोठा आहे ते समजायला लातूर आठवा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि एकूण पाणी साधारण पाच लाख लिटर. भागाकार केला तर ते सगळं पाणी १३२ जीन्सच्या आयुष्यभराच्या हिशोबात संपतं. एका मोठ्या लग्नात वऱ्हाडातल्या पोरांच्या अंगावर याहून जास्त जीन्स असतात.

अर्थात हा आकडा आपल्या प्रत्येक जीन्सला जसाच्या तसा लावता येणार नाही. विदर्भातला कापूस बराचसा पावसाच्या पाण्यावर येतो, आणि परदेशातली धुण्याची पद्धतही वेगळी. पण त्या अभ्यासातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. कापसाला किती पाणी द्यायचं ते आपल्या हातात नसतं, जीन्स कितीदा धुवायची ते असतं. अमेरिकेतल्या ग्राहकाने दोनदा घालून धुण्याऐवजी दहादा घालून धुतली, तर धुण्यावर जाणारं त्याचं पाणी तीन-चतुर्थांशाने कमी होतं, असं त्यात निघालं. आपल्या हवेत दहादा जमणार नाही, ते पुढे बघू. पण दोनाच्या जागी चार-पाच झालं तरी निम्मं पाणी वाचलं.

पाणी वाचणं ही एकच बाजू नाही. धुतल्यावर गटारात काय जातं, हेही आहे. टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये मोजलं, तेव्हा वापरलेल्या एका जीन्समधून एका धुण्यात साधारण ५६,००० बारीक तंतू सुटले. असेच निळे तंतू त्यांना आर्क्टिकच्या बर्फाळ समुद्राच्या तळच्या गाळातही मिळाले. सुती असले तरी ते रंगवलेले आणि रसायनं लावलेले तंतू असतात, मातीत टाकलेल्या साध्या कापसासारखे लगेच कुजत नाहीत.

डोंगरीचं कापड आणि निळीचा रंग

जीन्स अमेरिकेची म्हणून ओळखली जाते, आणि ते खरं आहे. लिव्हाय स्ट्राउस आणि जेकब डेव्हिस या दोघांना पँटच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट २० मे १८७३ रोजी मिळालं, तिथून आजची जीन्स सुरू झाली. पण तिच्या खानदानात एक नातेवाईक आपल्या मुंबईचा आहे. इंग्रजीतला डंगरी हा शब्द डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून गेला. हे कापड इथून जहाजांनी बाहेर जायचं, खलाशी आणि मजूर त्याचे कपडे घालायचे. आज त्याच डोंगरीत पोरं ईदला जीन्स घेतात, तेव्हा हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

भिवंडी-मालेगावच्या वाचकांना ताना-बाना समजावायची गरज नाही. डेनिममध्ये ताना निळा असतो, बाना पांढरा, आणि वीण तिरपी. त्यामुळे कापड बाहेरून निळं दिसतं आणि आतून फिकट. खरी गंमत रंगात आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला आधी रसायनाने विरघळणाऱ्या रूपात आणतात, सूत त्यात बुडवतात, मग हवेत काढतात. हवा लागली की ती पुन्हा निळी होते आणि सुताला चिकटून बसते. असं अनेकदा बुडवतात, तरी रंग सुताच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. वर निळं साल, आत पांढरा गर.

एवढं कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. घासलं की साल निघतं. कडक ब्रश, मोगरीने धोपटणं, दगडावर आपटणं यांनी शिवणीवर आणि गुडघ्यावर पांढरे पट्टे येतात ते यामुळेच. नव्या गडद जीन्सवर जुम्याचा पांढरा कुर्ता घातला की कुर्त्याचा घेर निळसर होतो, त्याचं कारणही हेच. (रंगाचा डाग नापाक नसतो. कुर्ता खराब होतो, नमाज नाही.) आणि पहिल्या धुण्याला बादलीत मूठभर मीठ किंवा व्हिनेगर टाकलं की रंग पक्का होतो, हा घरोघरचा उपाय निळीवर चालत नाही. मीठ वाया जातं, इतकंच.

मळका वेगळा, नापाक वेगळा

नमाजेसाठी कपडा नजासतपासून पाक असावा लागतो. लघवी, वाहतं रक्त वगैरे लागलं तर तो भाग धुतल्याशिवाय चालणार नाही. पण माणसाचा घाम पाक आहे. धूळ पाक आहे. भाजीचा, चहाचा, गॅरेजमधल्या ग्रीसचा डाग लागला तर कपडा मळतो, नापाक होत नाही. पावसाळ्यात रस्त्याचा चिखल उडतो, त्यातही नजासत उघड दिसत नसेल तर उलेमांनी सवलत दिली आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नजासत जिथे लागली तेवढीच जागा धुणं पुरेसं असतं, अख्खा कपडा नाही. मोहरीला शिंतोडे उडाले तर मोहरी धुवा. बाळाने मांडीवर ओलं केलं तर मांडीचा भाग धुवा. पद्धतीत मसलकप्रमाणे फरक आहे. हनफी घरांत, डाग दिसत नसेल तर तीनदा धुऊन दरवेळी पिळायचं असतं. कोकणातल्या आपल्या शाफई घरांत तीनचा आकडा बंधनकारक नाही, नजासतचा असर जाईल असं पाणी वाहिलं की झालं. तपशील आपल्या इमाम साहेबांना विचारून घ्या. कुठे लागलं तेच कळत नसेल, तर मात्र एहतियात म्हणून पूर्ण धुतलेली बरी.

यातूनच एक कामाची सवय निघते, आणि तीच घरात सगळ्यात जास्त चुकते. नापाक डाग असलेली जीन्स तशीच बादलीत किंवा मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबर भिजत घालू नका. थोड्या साठलेल्या पाण्यात नजासत गेली की ते पाणीच नापाक होतं, आणि मग सगळे कपडे पुन्हा खळबळत बसावं लागतं. आधी नळाखाली तेवढा भाग धुऊन पाक करा, मग मशीनमध्ये टाका. दोन मग पाण्याचं काम असतं, पण नंतरच्या चार बादल्या वाचतात. काही घरांत शंकेपोटी मशीनच्या तीन-तीन फेऱ्या होतात, त्यांची गरज राहत नाही.

सूरह आराफच्या एकतिसाव्या आयतीत मशिदीला जाताना चांगल्या पोशाखात जाण्याचा हुकूम आहे आणि त्याच आयतीत इस्राफ करू नका असंही सांगितलं आहे. म्हणजे कमी धुण्याच्या नावाखाली घामट वासाची जीन्स घालून सफमध्ये उभं राहणं हेही बरोबर नाही. कपडा पाक असेल, पण शेजारच्या नमाजीला त्रास होतो. वास येऊ लागला की धुवा. त्यात वाद नाही.

मग कधी धुवायची?

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०११ मध्ये एका विद्यार्थ्याने एकच जीन्स पंधरा महिने न धुता घातली. मग त्याच्या प्राध्यापिकेबरोबर तिच्यावरचे जिवाणू मोजले. जीन्स धुऊन पुन्हा तेरा दिवस घातली आणि परत मोजले. दोन्ही वेळचा आकडा जवळपास सारखाच निघाला. म्हणजे जीन्सवर जिवाणू महिनोन्‌महिने वाढतच जातात, अशी जी भीती असते ती फारशी खरी नाही.

पण कॅनडाची हवा वेगळी आणि मे महिन्यातली मुंबईची लोकल वेगळी. आमच्या मते आपल्याकडचा हिशोब असा ठेवावा. ऑफिस, कॉलेज, बसून काम असेल तर हिवाळ्यात पाच-सहा वेळा, उन्हाळ्यात तीन-चार वेळा घालून मग धुवा. दिवसभर बाइकवर डिलिव्हरी करणाऱ्या, कारखान्यात, बांधकामावर काम करणाऱ्या भावांनी एक-दोन दिवसांतच धुवावी, त्यांना वरचा सल्ला लागू नाही. लहान मुलांचं तर वेळापत्रक नसतंच, बघून ठरवावं लागतं. मांड्यांना खाज, पुरळ किंवा दाद असेल त्याने प्रत्येक वेळी धुतलेलीच घालावी. उष्ण, दमट हवेत घट्ट जीन्स आणि साठलेला घाम या दुखण्याला वाढवतात.

मधल्या दिवसांत काय करायचं? घरी आल्यावर जीन्स काढून खुर्चीवर गोळा करून टाकू नका. उलटी करा, खिसे बाहेर काढा आणि रात्रभर हवेशीर जागी लटकवा. घाम सुकला की वास बराचसा जातो. चहा-भाजीचा डाग ताजा असतानाच ओल्या फडक्याने टिपून घ्या. जुना असेल तर थेंबभर साबण आणि मऊ टूथब्रश, तेवढ्याच जागेवर. फ्रीजरमध्ये ठेवली की जीन्स साफ होते असं मोबाइलवर फिरतं, ते सोडून द्या. थंडीने बरेचसे जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. शिवाय आपल्या फ्रीजरमध्ये बकरी ईदनंतर जीन्सला जागा कुठे असते!

धुताना

चेन लावा, बटण लावा, जीन्स उलटी करा. उलटी धुतली की घासणं आतल्या बाजूला होतं, निळं साल वाचतं, आणि घाम तर आतच असतो, तो नीट निघतो. पाणी साधं, नळाचं. गरम पाण्याने नीळ जास्त सुटते. आजच्या बऱ्याच जीन्समध्ये, विशेषतः मुलींच्या, ताणण्यासाठी इलॅस्टेनचा धागा असतो, तोही उष्णतेने मरतो. गुडघ्यावर फुगलेली, कमरेला ढिली पडलेली जीन्स बहुतेकदा अशीच होते. ब्लीच तर मुळीच नको, ते इलॅस्टेन आणि कापूस दोन्ही खातं.

पावडर नेहमीपेक्षा निम्मी घालून बघा. जास्त पावडर म्हणजे जास्त स्वच्छ हा गैरसमज आहे. उरलेली पावडर जाड कापडात अडकते, मग ती काढायला आणखी दोन बादल्या जातात. बोअरचं पाणी जड असेल तर फेस येत नाही म्हणून आपण पावडर वाढवत जातो आणि जीन्सवर पांढरे ओघळ राहतात. अशा पाण्यात पावडरपेक्षा लिक्विड बरं पडतं. ते आधीच विरघळलेलं असतं.

हाताने धुताना अर्धा तास भिजवा, रात्रभर नको. वडीचा साबण लावून कडक ब्रशने सगळीकडे घासण्याची गरज नसते. मोहरी, खिशांच्या कडा, कमरेची पट्टी, एवढ्याच जागा हाताने चोळा. एक बादली धुवायला आणि दोन खळबळायला, यात दोन जीन्स आरामात होतात. नळ सोडून त्याखाली खळबळलं की किती पाणी गेलं ते कळतही नाही. आणि पीळ घालून पिळू नका. दुमडून, दाबून पाणी काढा, किंवा तशीच नळाच्या तोटीवर लटकवून पंधरा मिनिटं निथळू द्या. हातांना आराम, कापडालाही.

मशीन असेल तर एकट्या जीन्ससाठी ते चालवू नका, गडद कपडे साठू द्या. वरून झाकण उघडणारं मशीन एका फेरीत साधारण शंभर लिटरच्या वर पाणी घेतं, पुढून उघडणारं त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेवढंच पाणी दोन कपड्यांसाठी ओतायचं की दहा, ते आपण ठरवायचं. शेवटच्या खळबळण्याचं पाणी बादलीत धरलं तर संडासात, जिन्यावर, गॅलरी धुवायला येतं. झाडांना साबणाचं पाणी नको.

वाळत घालताना उलटीच ठेवा, खिसे बाहेर काढून, सावलीत वाऱ्यावर. ऊन निळीचा रंग उडवतं. पावसाळ्यात मात्र वेगळंच दुखणं असतं. जाड कापड दोन-दोन दिवस ओलं राहतं, त्याला कुबट वास येतो, मग पुन्हा धुवावं लागतं. अशा दिवसांत दोन टॉवेलांत गुंडाळून वरून दाबा, बरंच पाणी टॉवेल पितो, मग पंख्याखाली टांगा. खरं तर पावसाळ्यात जीन्स मागे ठेवून सुती पायजमा किंवा पातळ पँट घालणंच शहाणपणाचं. चार महिने धुण्याचा निम्मा त्रास संपतो.

विकत घेताना आणि फाटल्यावर

दुकानात नवी जीन्स आधीच फिकट, घासलेली, फाटकी मिळते. हे फिकेपण फुकट येत नाही. कारखान्यात प्युमिस दगड, रसायनं आणि पाणी लावून ते आणतात. उल्हासनगरमध्ये जीन्स धुण्याच्या कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं वालधुनी नदीत गेलं आणि प्रकरण न्यायालयांपर्यंत पोचलं. तुर्कस्तानात तर जीन्स घासण्यासाठी वाळूचा फवारा मारायचे. ती बारीक वाळू छातीत जाऊन कामगारांना सिलिकोसिस झाला, तरुण पोरं गेली. २००९ मध्ये तिथल्या सरकारने डेनिमसाठी हा प्रकार बंद केला. म्हणून ईदची खरेदी करताना आमचा आग्रह साध्या, गडद, न फाडलेल्या जीन्सचा. तिला तुमच्या अंगावर हळूहळू जे फिकेपण येतं ते दुकानातल्यापेक्षा चांगलंच दिसतं. आणि एका जीन्सची तीन ठिकाणची हौस न करता एकच नीट मापाची घ्या.

जीन्स बहुधा एकाच जागी आधी जाते, दोन पायांच्या मध्ये, शिंपी ज्याला आसन म्हणतात तिथे. चालताना आणि बाइकवर बसताना तिथे घर्षण होतं, आणि साठलेला घाम आणि धूळ ते वाढवतात. दुसरी जागा गुडघे. पाच वक्त सजद्यात जाणाऱ्याचे गुडघे इतरांपेक्षा लवकर निघतात. मोहरी दुमडून घालायची सवय असेल तर घडीच्या रेषेवर कापड विरतं. त्यापेक्षा शिंप्याकडून एकदाच हवी तेवढी आखूड करून घ्या.

भोक पडायची वाट बघू नका. आसनाच्या जागी कापड उन्हात धरून बघा, पांढरे धागे तेवढे उरलेले दिसले की रफूगराकडे न्या. आतून जुन्या डेनिमचा तुकडा लावून वरून बारीक टीप मारली की जीन्स अजून दोन वर्षं चालते, आणि नव्या जीन्सच्या दहाव्या हिश्शातही हे काम होतं. आपल्या वस्त्यांत हे काम करणारे कारागीर आजही आहेत, त्यांच्याकडे रिकामा वेळ मात्र वाढत चाललाय.

धाकट्या भावाला द्यायची असेल तर कमर आणि मोहरी नीट करून द्या. बाहेर कुणाला द्यायची असेल तर धुऊन, पाक करून, तुटलेलं बटण लावून, चेन चालते का ते बघून द्या. अगदीच गेलेली असेल तर पायांच्या कापडाची बाजाराची पिशवी होते, मांड्यांकडचे चांगले तुकडे गोधडीच्या पोटात जातात, आणि उरलेलं एक-दोन वीत कापड शिंप्याला देऊन ठेवा. पुढच्या जीन्सच्या आसनाला तेच लागणार आहे.